तुम्हाला थांबवणारं पत्र

भाऊजी,

काल तुमची तेरवी आटोपली. सगळं नीट झालं. मी आधीच यादी करून ठेवली होती, तिच्यातलं एकही काम राहिलं नाही. वांग्याच्या भाजीत मीठ जरा जास्त पडलं होतं. नामदेवभाऊ असते तर पहिल्याच घासाला आचाऱ्याला बोलावून घेतलं असतं, असं तिघाचौघांनी म्हटलं. आणि मला तुम्ही म्हणाला असतात, मास्तरीनबाईंनी मरणाचंही टाइमटेबल लावलं.

पंगती उठल्यावर आपल्या नातीचा, ईराचा टोरांटोहून फोन आला. फोन सगळ्यांसमोर स्टुलावर उभा करून ठेवला, आणि ती तुमच्याबद्दल बोलली. तिचं मराठी आता थोडं अडखळतं, पण मनापासून बोलली. म्हणाली, माझे छोटे आबा राइस मिलच्या भट्टीवर कामाला लागले आणि सुपरवायझर होऊन घरी आले. त्यांना दुसरीकडून बोलावणं आलं तेव्हा मालकाने त्यांना जाऊ दिलं नाही, खुर्ची देऊन ठेवून घेतलं. माणसाची किंमत अशी कळते. सगळ्यांनी माना हलवल्या. मिलचे शेठ पहिल्या रांगेत बसले होते, त्यांनीही हलवली. मीही हलवली.

लोक गेल्यावर ती माझ्याशी एकटीशी बोलली. तिने तिथल्या नोकरीचा राजीनामा दिला आहे. पुण्यात नवी नोकरी मिळते आहे. पण आता जुनी कंपनी तिला सोडायला तयार नाही. पगार वाढवतो, मोठं पद देतो, थांब म्हणते. याला काउंटर ऑफर म्हणतात म्हणे. "घ्यावी की नाही कळत नाही आजी. तू छोट्या आबांना दोन रकान्यांचा कागद करून दिला होतास ना, तसा मला करून दे."

मी हो म्हटलं. आज सकाळी टेबलाशी बसले, पट्टी घेतली, कागदाच्या मधोमध रेघ ओढली, आणि त्या रेघेकडे बघता बघता मला इतकी लाज वाटली की पुढे हात चालेना. तो कागद बाजूला ठेवला आणि हा घेतला. हे लिहून झालं की ईराला आणि तिच्या भावाला, निशांतला पाठवणार आहे. दोघांना मराठी सावकाश वाचता येतं, म्हणून सोपं लिहिते. पण बोलते आहे ते तुमच्याशी. अकरा वर्षं समोर बसून जे बोलले नाही, ते मुलांना परस्पर सांगणं बरं नव्हे.

मुलांना तुम्ही आठवता ते इस्त्रीच्या सदऱ्यातले, खिशाला पेन लावलेले. भट्टीवरचे तुम्ही त्यांनी पाहिलेच नाहीत. म्हणून आधी तेवढं सांगते. आपल्या गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाहेरची ती मिल उसना तांदूळ करायची. धान आधी हौदात भिजायचं, मग वाफेवर शिजायचं, मग पटांगणात वाळायचं. वाफेवरून कधी काढायचं आणि पटांगणातून कधी उचलायचं, हे तुम्ही ठरवायचात. एक दाणा दाढेखाली धरायचात, चावायचात, आणि डोकं किंचित तिरकं करायचात, जणू आतून कुणी काही सांगतंय. चूक झाली तर मशिनीत दाण्याचे तुकडे होऊन पोतीच्या पोती कनकी निघायची. तुमच्या वेळी ती फारशी निघाली नाही. ओलावा मोजायचं यंत्र विकायला एक माणूस आला होता, तेव्हा यंत्राचा काटा थांबायच्या आत तुम्ही आकडा सांगितलात, आणि तो बिचारा चहा पिऊन यंत्र घेऊन परत गेला. ही गोष्ट तुम्ही मला निदान दहादा सांगितली. दर वेळी त्याची मान थोडी आणखी खाली जायची.

घरी जेवायला बसलात की पहिला घास घेऊन हे धान कोणत्या बांधीतलं, कोणत्या शेतातलं, तलावाच्या पाण्यावरचं की बोडीच्या, लहान तळ्याच्या, हे सांगायचात. मी नागपुरात वाढलेली. मला तांदूळ म्हणजे तांदूळ. नवी नवरी म्हणून या घरात आले तेव्हा तुम्ही शाळेत जात होतात, जात होतात म्हणजे जायच्या नावाने निघत होतात. मी तुम्हाला इंग्रजी शिकवायचं ठरवलं आणि तुम्ही मला धान ओळखायला शिकवायचं. दोघेही नापास झालो. पण त्या निमित्ताने या घरात मला माझ्याशी हसून बोलणारं पहिलं माणूस मिळालं.

मग एक शेतकी शिकलेले साहेब मिलवर आले. त्यांच्याकडे तीन-चार जातींची मिसळ झालेली धानाची थैली होती. तुम्ही ती ओट्यावर ओतलीत आणि बोलता बोलता ढीग वेगळे केलेत: हा चिन्नोर, ही हिरानक्खी, हा अजून नीट पिकला नव्हता तेव्हाच कापला. पंधरा दिवसांनी त्यांचं इंग्रजी पत्र आलं. नवेगाव बांधजवळ त्यांची संस्था आपल्या भागातल्या जुन्या धानांचं शेत लावणार होती. त्या शेतावर राहून जाती सांभाळणारा, भेसळीचं रोप नजरेने ओळखून उपटणारा माणूस त्यांना हवा होता. ते पत्र तुम्ही माझ्याकडेच आणलंत. गावातली सगळीच इंग्रजी पत्रं माझ्याकडे यायची. माझी पद्धत तुम्हाला ठाऊक होती: चष्मा लावायचा, एकदा मनात वाचायचं, दुसऱ्यांदा मनात वाचायचं, मग अर्थ सांगायचा. तुम्ही तोवर माझ्या चेहऱ्याकडे बघत बसायचात.

तुम्ही ती जागा पाहून आलात. कोहमाऱ्याला गाडी बदलून गेलात, एक दिवस राहिलात. परत आलात ते तुमच्या दादांच्या खाटेशी न थांबता आधी माझ्याकडे, स्वयंपाकघराच्या दारात. तुम्हाला इतकं सलग बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "तलावाकडून वारा येते वहिनी. धान निसवला, लोंब आली का वास बांधावर उभा रायते. हलत नाही. मानूस त्याच्यातून चालत जाते." तुमच्या चपलांना चिखल लागला होता आणि तो तुम्ही धुतला नव्हता.

आता ते सांगते, जे त्या दिवशी आपण दोघांनीही तोंडातून काढलं नाही.

तुमचे दादा, ईरा-निशांतचे आबा, तेव्हा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले होते. उजवी बाजू गेलेली, बोलणं गेलेलं. सहा फुटांचा माणूस, तो मला हलत नव्हता. रोज सकाळी सहाला गल्लीच्या टोकाकडून तुमची सायकल यायची. तुम्ही त्यांना दोन्ही हातांवर उचलून मोरीत नेऊन बसवायचात, अंघोळ घालायचात, दाढी करायचात. हे सगळं करताना मंडईच्या जत्रेतल्या दंडारीची, लोकनाट्याची गाणी म्हणायचात, बायकांच्या आवाजात. तुमच्या दादांच्या तोंडाची डावी बाजू हसायची. मग तुम्ही चहा पिऊन मिलवर जायचात. तुमची स्वतःची बायको लग्नानंतर चार वर्षांत गेली, मूल नव्हतं, तुम्हाला सकाळी दुसरं घर नव्हतं. निदान मी स्वतःला असं सांगायची.

अजय कॅनडातून दर फोनला म्हणायचा, आई, नागपूरहून चोवीस तासांचा माणूस ठेवू, मी सगळं बघतो. मी म्हणायची, परक्या माणसाने अंगाला हात लावलेला तुझ्या बाबांना आवडणार नाही. त्यांना मी विचारलं नव्हतं. मानेने होय-नाही सांगायला त्यांना येत होतं. मी विचारलंच नाही.

तर तुम्ही म्हणालात, वहिनी, का करू ते सांगा. मी म्हटलं, आपण कागद करू. फूलस्केप घेतला, रेघ मारली, एकीकडे 'जावे' आणि एकीकडे 'थांबावे'. एकेक मुद्दा क्रमाने घेतला: पगार, राहायची सोय, दवाखाना किती लांब, वय, संस्थेचं पुढे काय होईल. तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात आणि प्रत्येक मुद्द्याला "लिहा" म्हणत होतात. मग म्हणालात, "वारा कोन्या रकान्यात टाकता?"

"वारा हा मुद्दा नाही, भाऊजी."

"मंग मी कायले जाऊन रायलो?"

मी हसले. वारा लिहिला नाही. यावरून आपण पुढे किती वर्षं भांडलो. उन्हाळ्यात लाइट गेली की तुम्ही पुठ्ठ्याने वारा घेत म्हणायचात, आता हा मुद्दा हाय का नाही ते सांगा. मी म्हणायची, मुद्दा तो, जो मोजता येतो. आपलं ते भांडण तसंच राहिलं, आणि आज मी एकटीच हरून बसले आहे.

पण वारा तरी तुम्ही बोलून दाखवलात. त्या कागदावर तुमच्या दादांचं नाव कुठेच नव्हतं. पलीकडच्या खोलीत त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि आपण पेन्शनबद्दल बोलत होतो. मी वाट बघत होते की तुम्ही म्हणाल, दादाचं कोण करंल. तुम्ही वाट बघत होतात की मी काहीतरी म्हणेन, एकतर जा नाहीतर थांबा. कागद पुरा झाला तेव्हा दोन्ही रकाने जवळजवळ सारखे दिसत होते. तसे ते दिसावेत म्हणून मी काळजी घेतली होती. मला निःपक्षपाती दिसायचं होतं.

दोन दिवसांनी तुम्ही आलात आणि म्हणालात, लिहून द्या तिकडे, येतो म्हणून. एका ओळीचं पत्र होतं. मी म्हटलं, ऑफिसचं पत्र आहे, घाईत लिहिलेलं वाईट दिसतं, मला आठ दिवस द्या. तुम्ही एवढा विश्वास ठेवायचात की म्हणालात, बरं, तुम्हाले समजते त्यातलं.

त्या आठ दिवसांतल्या तिसऱ्या दुपारी मी शेठच्या घरी गेले. त्यांची मुलगी माझ्याकडे शिकायला यायची, तिच्या अभ्यासाचं निमित्त होतं. तुम्ही शेठला अजून काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. शेठ सोफ्यावरून पुढे सरकले. "मॅडम, नामदेव गया तो मेरी भट्टी ठंडी." लगेच पगार वाढवायला तयार झाले. मी म्हटलं, पैशाने ते थांबायचे नाहीत, त्यांना मान द्या, पद द्या, ऑफिसात खुर्ची द्या. शेठ माझ्याकडे बघत राहिले. "कुर्सी? वो बैठेगा?"

"बसतील," मी म्हटलं.

भाऊजी, ज्या माणसाने तुम्हाला वीस वर्षं भट्टीवर राबवलं, त्याला त्या एका क्षणी तुमची पारख माझ्यापेक्षा जास्त होती. त्याला कळत होतं की तुम्ही खुर्चीचे नाही. मला खरंच वाटत होतं की मी तुमचं भलं करते आहे. माझ्या माहेरी, माझ्या शाळेत, माझ्या सगळ्या शिक्षणात वर जाणं म्हणजे उभ्याने करायच्या कामातून बसून करायच्या कामात जाणं. तोंडात दाणा धरून उभा राहिलेला माणूस मला मजूर दिसत होता. मी त्या माणसाच्या हातचा तांदूळ चवीने खात होते, तो माझ्या नवऱ्याला आंघोळ घालत होता, आणि तरी मला तो मजूरच दिसत होता.

शेठ म्हणाले, लेटर अंग्रेजी में होगा तो अच्छा लगेगा, आप ही लिख दीजिए. मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलं. तुमच्या कामाचं कौतुक, सुपरवायझर हे पद, पंख्याखालची जागा, वाढलेला पगार. शेठच्या मुलीने आणलेला चहा निवायच्या आत पत्र पुरं झालं. तुमच्या एका ओळीला मी आठ दिवस मागितले होते.

ते टाइप होऊन, मिलच्या शिक्क्यासकट, चौथ्या दिवशी तुमच्या हातात आलं आणि तुम्ही ते घेऊन माझ्याकडेच आलात. दुसरीकडे कुठे जाणार? तुम्ही खुशीत होतात. शेठने स्वतः बोलावून दिलं, सगळ्यांच्या समोर दिलं, असं सांगत होतात. मी चष्मा लावला, कागद उघडला आणि अर्थ सांगायला लागले. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत, न थांबता. मान वर केली तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं होतं.

"आज मनात नाही वाचलं, वहिनी?"

"छोटंच तर आहे."

तुम्ही पत्राची घडी घातलीत, खिशात ठेवलीत, खिशावरून हात फिरवलात. म्हणालात, पद चांगलं देऊन रायले. मग तुमच्या दादांच्या खोलीत गेलात आणि त्यांची चादर बदललीत, जी सकाळीच बदललेली होती.

दोन दिवसांनी सांगितलंत, थांबतो म्हनून लिहून द्या तिकडे. ते पत्र मी त्याच संध्याकाळी लिहिलं आणि स्वतः चालत जाऊन पोस्टात टाकलं. तुमच्या दादांना सांगितलं की भाऊजींना बढती मिळाली. ते डाव्या हाताने टाळी वाजवायला गेले. एक हात गादीवर पडला, पुन्हा उचलला, पुन्हा पडला. मी त्यांच्या शेजारी बसून ते पाहिलं.

खुर्ची आली. काचेच्या खोलीत, वर पंखा. पहिला हंगाम तुम्ही दिवसातून दहादा उठून भट्टीकडे जात होतात. मग शेठच्या मुलाने सांगितलं की सुपरवायझर भट्टीपाशी उभा राहिलेला गिऱ्हाइकांना बरा दिसत नाही. पुढच्या हंगामाला ते यंत्र आलं, तेच, ज्याच्या विक्रेत्याला तुम्ही चहा पाजून परत पाठवलं होतंत. तुमच्याकडे ट्रकांच्या पावत्यांवर सही करायचं काम राहिलं. सही मीच शिकवली. शेवटच्या अक्षराखाली रेघ कशी ओढायची ते तुम्ही तीन दिवस गिरवलंत. इंग्रजीत पास झालात शेवटी, मी म्हटलं. तुम्ही हसलात, पण माझ्याकडे बघून नाही.

आणि माझ्या लक्षात येत गेलं की तुम्ही जेवताना धानाबद्दल बोलणं सोडलं आहे. मी मुद्दाम विचारायची, हा तांदूळ कुठला असेल? तुम्ही म्हणायचात, चांगला हाय. एवढंच. एका पावसाळ्यानंतर मी काही कामाने मिलवर आले होते. तुम्ही काचेच्या खोलीतून बाहेर आलेले, पटांगणाच्या कडेला. खाली वाकून एक दाणा उचललात, दाढेखाली धरलात, डोकं तिरकं केलंत. मग यंत्रावरच्या पोराकडे पाहिलंत. तो आकडे बघत होता. तुम्ही दाणा थुंकलात आणि आत जाऊन बसलात. मी आल्या पावली घरी परतले.

तुमचे दादा त्यानंतर चार वर्षं होते. चार वर्षं सकाळी सहाला तुम्ही आलात, एकदाही चुकला नाहीत, तापात आलात, पुरात सायकल डोक्यावर घेऊन आलात. त्यांना शेवटचं उचललंत तेही तुम्हीच. त्या चार वर्षांसाठी मी तुमच्या पाया पडायला हवं होतं, तुम्ही लहान असलात तरी. पण त्यांच्या जाण्यानंतरच्या सात वर्षांचं काय? तेव्हा तर उचलायला कुणी नव्हतं. मी म्हणू शकले असते की भाऊजी, आता जा, तुमचं ते शेत बघा, निदान चौकशी करा. ते शेतकी साहेब एकदा बाजारात भेटलेही मला. नामदेवभाऊ येतील का अजून, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आता त्यांचं वय झालं. तुम्ही बासष्ट वर्षांचे होतात आणि त्याच आठवड्यात माझ्या छपरावर चढून कौलं फेरली होतीत. हेही तुम्हाला सांगितलं नाही. सकाळी सहाचा चहा मला एकटीला नको होता, एवढंच त्याचं कारण.

मागच्या महिन्यात गोंदियाच्या डॉक्टरांनी तुमचं हृदय थकलंय म्हणून घरी पाठवलं आणि तुम्ही माझ्या पुढच्या खोलीत राहायला आलात. दुपारी अंगणात उन्हाला बसायचात. त्या दिवशी मी तुमच्या शेजारी उकडलेले शिंगाडे सोलत होते. तुम्ही म्हणालात, "वहिनी, तवा मी थांबावं असंच तुमच्या मनात होतं न?"

मी सोलत राहिले.

"शेठनं त्याच दिवशी सांगितलं होतं मले. मॅडमनं लिहिलं म्हनून. लय कौतुकानं सांगितलं." तुमच्या आवाजात राग नव्हता. रस्ता विचारावा तसं विचारत होतात. "मंग मले सरळ काऊन नाही म्हटलं? मी थांबलोच असतो. भट्टीवर थांबलो असतो."

म्हणजे ते पत्र घेऊन माझ्या दारात आलात तेव्हाच तुम्हाला ठाऊक होतं. खुशीत होतात असं मला वाटलं, ते मला सांगायला संधी देणं होतं. मी माझंच पत्र तुम्हाला नवं असल्यासारखं वाचून दाखवलं, आणि तुम्ही ते ऐकून घेतलंत. ज्या खुर्चीला तुम्ही नाही म्हणू शकला असतात, ती तुम्ही घेतलीत, कारण ती मी मागितली होती, आणि नाकारली असती तर मी उघडी पडले असते. तुम्ही अकरा वर्षं त्या काचेच्या खोलीत माझी अब्रू सांभाळत बसला होतात.

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, शिंगाडे गार होतील, खा.

तुम्ही खाल्लेत. खुर्ची जरा सरकवून उन्हात घेतलीत आणि डोळे मिटलेत. त्यानंतर नऊ दिवस होते आपल्याकडे. रोज मी ठरवायची, आज बोलायचं. रोज औषधांची वेळ व्हायची, कुणी भेटायला यायचं, मी कामाच्या मागे लपायची.

ईराला आता कागद पाठवणार नाही. तिला लिहिते आहे, ते इथेच लिहिते. ईरा, तू पुण्याला यावंस असं मला फार वाटतं. वीस तासांच्या विमानाने नाही, एका रात्रीच्या गाडीने माझ्यापर्यंत पोचता येईल अशा ठिकाणी तू असावीस असं वाटतं. म्हणून माझा सल्ला या बाबतीत उपयोगाचा नाही, माझ्याकडून रकाने करून घेऊ नकोस. तुझी कंपनी तुला थांबवण्यासाठी जे देते आहे त्यात तुझ्या हातचं, तुला आवडणारं काम राहतंय की जातंय, तेवढं मात्र बघ. छोट्या आबांना हे कुणी बघायला सांगितलं नाही. आणि त्यांना खुर्ची मालकाने दिली नव्हती. मी दिली होती. तेरवीच्या दिवशी तू बोललीस ते पुन्हा कुठे सांगू नकोस.

हे लिहून झालं, तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहतंच, भाऊजी. सरळ काऊन नाही म्हटलं? मी बरीच कारणं शोधली. खरं एकच निघालं. मी थांबा म्हटलं असतं आणि तुम्ही थांबला असतात, तर रोज सकाळी सहाला सायकल आली की मला आठवलं असतं की हा माणूस माझ्यासाठी आपली आवडती गोष्ट सोडून आलाय. मला ते उपकार नको होते. शेठने थांबवलं म्हटलं की माझ्यावर काहीच राहत नव्हतं. मी चहा देत होते, तुम्ही पीत होतात, आणि आपण सारखे होतो. तुमच्याकडून मला सगळं हवं होतं. मागायला मात्र मी तयार नव्हते.

आता मागते.

भाऊजी, जाऊ नका. तुमचं मन तिकडे लागलंय, मला दिसतंय. तरी जाऊ नका. यांना उचलणं मला जमत नाही. मला भीती वाटते, आणि या घरात हे मी दुसऱ्या कुणालाच सांगू शकत नाही. भट्टीवर राहा, तिथेच राहा, पण इथे राहा.

तुम्ही "बरं" म्हणाला असतात. अंगठ्याने चपलेचा चिखल खरवडत थोडा वेळ दारात उभे राहिला असतात, आणि मग विचारलं असतंत, दादाचं पानी तापलं का.